वाकलेला स्पॉयलर: गरम पाणी, हेअर ड्रायर की नवा पार्ट?

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) उतरला की नागपुरातल्या डायकास्टवाल्यांच्या, म्हणजे धातूच्या छोट्या मॉडेल गाड्या जमवणाऱ्यांच्या शोकेसमध्ये एखादी तरी गाडी बिघडलेली सापडतेच. कोणाची मागची विंग, म्हणजे स्पॉयलर, मधोमध झोल खाऊन बसलेली, कोणाचा बंपर एका कोपऱ्यात बॉडी सोडून बाहेर आलेला, कुठे चार चाकांपैकी एक अधांतरी. कूलर आपण बसतो त्या खोलीत असतो. गाड्यांची खोली बंद आणि वर तापलेला स्लॅब. मग घरीच सरळ करायचं, पार्ट बदलायचा की तसंच राहू द्यायचं? माझं मत आधीच सांगतो. पार्ट प्लॅस्टिकचा किंवा रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचा) असेल तर पहिला मान गरम पाण्याचा. हेअर ड्रायर पाणी चालणार नसेल तेव्हा. नवा पार्ट फक्त जुना तुटला किंवा हरवला असेल तर.

एबीएस, म्हणजे अशा पार्टचं नेहमीचं कडक प्लॅस्टिक, साधारण १०५ अंशांना मऊ पडतं, आणि आपल्या खोल्या काही एवढ्या तापत नाहीत. तरी पार्ट वाकतो, कारण त्यावर महिनोन्महिने जोर असतो. स्टँडचा स्क्रू करकचून आवळलेला असतो, डब्यातला प्लॅस्टिकचा साचा विंगला दाबत असतो, नाहीतर मोल्डिंगच्या वेळचाच ताण आत अडकलेला असतो. ४५ अंशांची दुपार ते काम फक्त लवकर उरकते. म्हणून हात लावण्याआधी जोर कुठून येतोय ते शोधा. स्क्रू तसाच ठेवलात तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा हेच.

दुसरं, पार्ट कशाचा आहे ते बघा. आतल्या बाजूला छोटे गोल ठसे दिसले तर तो साच्यात दाबून काढलेला, म्हणजे बहुधा एबीएस. १:१८ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अठरांश मापाच्या, माइस्टो, बुरागो या ब्रँडच्या गाड्यांचे बंपर, चेसिस बहुतेक याच जातीचे. ठसे नाहीत, कुठे बारीक बुडबुडे आहेत आणि गाडी १:४३ ची, दारं न उघडणारी असेल, तर रेझिन. धातू असेल तर त्याचं शेवटी बघू.

गरम पाण्याची जमेची बाजू एकच, पण मोठी: पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही. पार्ट जळायची किंवा वितळून गोळा व्हायची भीती जवळपास नाही, आणि उष्णता सगळीकडून सारखी लागते. रेझिनला ६० ते ७० अंश पुरतात, एबीएसला ९० च्या आसपास न्यावं लागतं; तेवढ्यावर ते पूर्ण मऊ पडत नाही, पण जोर दिला की वाकतं. किचनचा डिजिटल थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. विंग गाडीवरून काढून चहाच्या गाळणीत ठेवायची आणि अर्धा मिनिट बुडवायची. बाहेर काढून काचेच्या पट्टीवर दाबायची, हवी त्यापेक्षा किंचित जास्त उलट वाकवायची, कारण ती थोडी परत फिरते. मग तशीच धरून थंड पाण्यात. इथे घाई करू नका. आतून गार व्हायच्या आधी सोडलीत की ती आपली जुनी वाट धरते. एका फेरीत पूर्ण सरळ करायचा हट्टही नको. काचेची पट्टी इतवारीत कुठल्याही काचवाल्याकडे उरलेल्या तुकड्यातून कापून मिळेल, फक्त कडा घासून घ्या.

पाण्याची अडचण स्टिकरांची. पाण्यात भिजवून चिकटवायचे डिकल असतील तर गरम पाण्यात ते सुटतील. क्रोमचा मुलामा असलेल्या बंपरला वाकवताना तडे जाऊ शकतात, मग पाणी असो की ड्रायर. आणि पारदर्शक काचांना उष्णता दाखवूच नका. धुरकट होतात, ते परत जात नाही. विंडशील्ड थोडी वाकली असेल तर वाकलेली बरी.

हेअर ड्रायर तिथे कामाचा जिथे पार्ट बॉडीला चिकटवलेला आहे आणि काढायला गेलं तर तुटेल. पण हवेचा झोत एका जागी जास्त तापवतो, आणि किती तापवतो ते आपल्याला कळत नाही. पेंटला फोड येतो तो याच पद्धतीत. ड्रायर लांब धरा, सतत हलता ठेवा, शेजारचा भाग ओल्या कापडाने झाका. हार्डवेअरच्या दुकानातली हीट गन म्हणजे ३०० अंशांच्या वरचा मामला, तिला या खेळात जागा नाही.

आता नवा पार्ट, म्हणजे थ्रीडी प्रिंट. बारीक विंगसाठी रेझिन प्रिंटच हवा, पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या प्रिंटवर थरांच्या रेषा दिसतात. शिवाय पीएलए साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये संपलं. पण साधं प्रिंटिंग रेझिनही ५०-६० अंशांपलीकडे फार टिकत नाही. दुकानदार ‘एबीएस-लाइक’ म्हणून पुढे करेल. तो शब्द चिवटपणाबद्दल आहे, उष्णतेबद्दल नाही. डेटाशीटवर किती अंशांना मऊ पडतं तो आकडा विचारा, नाहीतर वाकलेला पार्ट देऊन उद्या वाकणारा पार्ट घेतल्यासारखं होईल. वर रंग जुळवायची डोकेदुखी वेगळीच: मेटॅलिक निळा बॉडीशी जुळत नाही म्हणजे नाही. काळा, विनारंगाचा पार्ट असेल तर मात्र प्रिंट चांगला. नेहमी मिळणारं मॉडेल असेल तर त्याहून सोपं म्हणजे डबा नसलेली तीच गाडी स्वस्तात घेऊन तिचा पार्ट काढणं.

गाडी विकायची असेल तर गणित उलटं होतं. घेणारा मूळ पार्ट थोडा वाकलेला चालवून घेतो, बदललेल्यावर भाव पाडतो. सरळ केलेला असो की बदललेला, त्याला सांगून टाका, जवळून काढलेला फोटोही द्या.

राहिला धातू. डायकास्टची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे झमॅकची. तीवर बारीक तडे, फुगवटा आणि बाक एकत्र दिसले तर तो उन्हाचा दोष नाही. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला की धातू आतून कणाकणाने सुटत जातो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या गाड्यांना याची बाधा पुष्कळ. यावर पाणी, ड्रायर, पक्कड काहीच चालत नाही. वाकवायला गेलात तर हातात तुकडे येतील. गाडी ओल कमी असलेल्या जागी, म्हणजे कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. शेजारच्या गाडीला ते लागत नाही, त्यामुळे शोकेसमधून काढायची गरज नाही.