दिवा गव्हाणीत आहे, हे या संचाचं मोठेपण

नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा मांडायचा देखावा, घेताना मी आधी एवढंच बघते, की उजेड येतो कुठून. बहुतेक तयार संचांत छताला बल्ब चिकटवलेला असतो आणि येशूबाळ शोकेसमधल्या वस्तूसारखं वरून उजळतं. या संचात दिवा थेट गव्हाणीत आहे. बाळाची मूर्ती दुधी रेझिनची, तिच्याखाली पिवळसर एलईडी. खोलीतले दिवे मालवले की गवताच्या काड्या, मरीयेची हनुवटी आणि तिचे जोडलेले हात खालून उजळतात, डोक्यावरचा पदर अंधारातच राहतो. मेंढपाळांच्या सावल्या मागच्या भिंतीवर भल्यामोठ्या पडतात. खोलीत दुसरा दिवा असेल तर यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा तो बंदच ठेवा.

ही कल्पना काही आजची नाही. स्वीडनच्या संत ब्रिजिता यांना १३७२ मध्ये बेथलेहेमात दर्शन झालं. त्यात नवजात बाळाचं तेज इतकं होतं, की मरीयेचा नवरा योसेफ याने आणलेल्या मेणबत्तीचा उजेड जाणवेनासा झाला. पुढे चित्रकारांनी हे उचललं. इटालियन चित्रकार कोरेज्जोच्या, जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये असलेल्या चित्रात तर एक बाई बाळाच्या तेजाने दिपून चेहऱ्यापुढे हात धरते. या संचातल्या योसेफाच्या हातात कंदील आहे, पण त्यात दिवा नाही, नुसता पिवळा रंग. कोणी याला काटकसर म्हणेल. मला तर वाटतं, घडवणाऱ्याला गोष्ट नीट कळलेली आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, गव्हाणी नाही, मेंढपाळही नाहीत. तिथे थेट अंधारात प्रकाशणारा आणि अंधाराला न आवरलेला प्रकाशच आहे. विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेची कबुली देणाऱ्या प्रार्थनेत, आपण ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हणतो, ते याच बाळाबद्दल. मग त्याच्यावर वरून बल्ब सोडायचा तरी कशाला?

आता तक्रार. छतावर एक तारा आहे, पांढराफटक, निळसर झाक असलेला आणि वर लुकलुकणारा. गव्हाणीचा आणि त्याचा स्विच एकच! तो पेटला की खालचा सगळा उजेड मारला जातो. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. तारा बायबलमध्ये आहे, मान्य. पण तो मत्तयाच्या शुभवर्तमानात, मागी लोकांच्या, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, वाटेवर, आणि तिथे ते एका घरात शिरतात. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेंढपाळांना त्या रात्री तारा नव्हे, प्रभूचं तेज दिसलं. त्यामुळे माझी पट्टी निघते ती ६ जानेवारीला, मागींच्या भेटीची आठवण करणाऱ्या प्रकटीकरणाच्या सणाला. दोन वेगळे स्विच दिले असते तर हा उद्योग करावा लागला नसता.

बाकी किरकोळ. सेल तळाशी बसतात, त्यामुळे ते बदलताना सगळ्या मूर्ती उतरवून गोठा उलटा करावा लागतो. मूर्ती वजनदार आहेत, सहज कलंडत नाहीत. रंगकाम बैलाच्या डोळ्यांपाशी फिसकटलंय, गाढव मात्र झकास. लहान मुलं बाळाला उचलून बघणारच, पण एलईडी गव्हाणीत पक्का बसवलेला असल्याने वायर ओढली जाण्याची भीती नाही. घ्यायचा असेल तर ताऱ्याशिवायचा संच मिळतो का, ते विक्रेत्याला आधी विचारा.