स्टॅटिक मेथड की इन्स्टन्स मेथड? गुळाच्या पट्टीवरून एक तुलना

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानासाठी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हिशोबाचे सॉफ्टवेअर लिहायचे आहे, असे समजू. शेतकऱ्याला द्यायच्या पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, ‘पट्टी’ हा मूळ क्लास, म्हणजे साचा, आहे आणि त्याच्यापासून ‘गूळपट्टी’ व ‘भाजीपट्टी’ असे दोन क्लास निघाले आहेत. (जावात क्लासला देवनागरी नाव देता येते, सोबतची मंडळी ते टाइप करतील का, हा प्रश्न वेगळा.) मेथड म्हणजे क्लासमध्ये लिहिलेले एक काम. स्टॅटिक मेथड क्लासची असते, तर इन्स्टन्स मेथड त्या क्लासपासून बनवलेल्या एकेका ऑब्जेक्टची, इथे एकेका पट्टीची. यांतील कोणती मेथड स्टॅटिक ठेवावी आणि कोणती इन्स्टन्स, हे ठरवायचे आहे.

क्विंटलचे किलो करणाऱ्या मेथडबद्दल फार विचार करण्याचे कारण नाही. गूळ असो वा वांगी, एका क्विंटलचे 100 किलोच होतात. ही मेथड कोणत्याही एका पट्टीच्या माहितीवर अवलंबून नाही, त्यामुळे ती स्टॅटिक असावी. तिच्यासाठी ऑब्जेक्ट तयार करावा लागत नाही आणि तिची चाचणीही सोपी जाते.

हमालीचे तसे नाही. समजा, गुळाची हमाली रव्यांच्या (ढेपांच्या) संख्येवर आणि भाजीची पोत्यांवर, वेगवेगळ्या दराने आकारायची आहे. ‘हमाली’ ही इन्स्टन्स मेथड असेल, तर ‘गूळपट्टी’त लिहिलेली मेथड मूळ मेथडला ओव्हरराइड करते, म्हणजे तिची जागा घेते, आणि कोणती चालवायची हे प्रोग्रॅम चालू असताना, हातातला ऑब्जेक्ट प्रत्यक्षात कोणत्या क्लासचा आहे ते पाहून ठरते. स्टॅटिक मेथडच्या बाबतीत हा निर्णय कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, आधीच घेऊन टाकतो आणि तोही व्हेरिएबलच्या घोषित प्रकारावरून. म्हणून त्याच नावाची स्टॅटिक मेथड ‘गूळपट्टी’त लिहिली, तरी मूळ मेथड बदलत नाही, फक्त झाकली जाते.

याचा खरा फटका निराळ्याच ठिकाणी बसतो. ‘निव्वळ रक्कम’ काढणारी मेथड ‘पट्टी’त एकदाच लिहिलेली असते आणि ती आतून ‘हमाली’ला बोलावते. ‘हमाली’ स्टॅटिक असल्यास ‘निव्वळ रक्कम’ गुळाच्या पट्टीवरही मूळ क्लासचाच दर लावते. कंपायलर तक्रार करत नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही, फक्त शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी जाते. अशी चूक शोधण्यात माझी एक संपूर्ण दुपार गेली आहे. उपक्लासातील मेथडवर ‘@ओव्हरराइड’ ही खूण, अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंगमध्ये, लिहिण्याची सवय असती, तर कंपायलरनेच मला अडवले असते, कारण स्टॅटिक मेथडवर ती खूण त्याला चालत नाही.

वेगाच्या कारणासाठी स्टॅटिक निवडू नये. हिशोबाच्या अशा कामात तो फरक जाणवत नाही.

भाषा बदलली की नियमही थोडे बदलतात. सी शार्पमध्ये ऑब्जेक्टवरून स्टॅटिक मेथड बोलावताच येत नाही, त्यामुळे गोंधळाची एक वाट बंद होते. पीएचपीने 2009 साली, 5.3 या आवृत्तीत, बोलावणारा क्लास ओळखण्याची सोय दिली. पायथनमधील क्लासमेथडला क्लास स्वतःच मिळतो, त्यामुळे तिथे उपक्लासची मेथड नीट लागू होते.

जावात मात्र, उद्या काकवीची वेगळी पट्टी निघण्याची शक्यता असेल, तर मी ‘हमाली’ आजच इन्स्टन्स ठेवीन, कारण क्लासच्या नावाने बोलावलेली स्टॅटिक मेथड नंतर इन्स्टन्स करायची म्हटले, की अशी प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागते.