शक्यतेची टक्केवारी विकणारी प्रवेश-मार्गदर्शन सेवा

२०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशांसाठी माझ्या भाचीकरिता आम्ही पुण्यातील एका खासगी मार्गदर्शन संस्थेची सेवा घेतली. सीईटीचे (राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे) पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि बारावीचा जिल्हा कळवला की ही संस्था प्रत्येक महाविद्यालयातील प्रत्येक शाखेपुढे प्रवेशाची शक्यता टक्क्यांत मांडलेला अहवाल देते आणि त्यानंतर समुपदेशकाशी प्रत्यक्ष बैठक ठरवून देते. शुल्क पाच आकडी आहे. अहवाल आणि बैठक यांच्या दर्जात इतके अंतर आहे की दोहोंना मिळून एकच गुण देणे मला योग्य वाटत नाही.

अहवाल देखणा आहे, पण त्यावर विसंबू नये. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतील मेटलर्जी (धातुशास्त्र) शाखेपुढे ७२ टक्के शक्यता छापलेली होती. ती कशी काढली, हे विचारल्यावर गेल्या वर्षीच्या कटऑफशी, म्हणजे शेवटचा प्रवेश ज्या पर्सेंटाइलवर झाला त्याच्याशी, भाचीच्या पर्सेंटाइलची तुलना केली, एवढेच उत्तर मिळाले. पर्सेंटाइल हे त्या वर्षी परीक्षेला बसलेल्यांच्या तुलनेतले स्थान असते. तीन लाख विद्यार्थी बसले तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे ३,००० जण असतात, चार लाख बसले तर सुमारे ४,०००; जागा मात्र त्याच प्रमाणात वाढतील असे नाही. म्हणून तुलना राज्य गुणवत्ता क्रमांकाची करावी लागते, आणि तो क्रमांक सीईटी कक्षाच्या कटऑफ याद्यांमध्ये पर्सेंटाइलसोबतच छापलेला असतो. त्या याद्या विनामूल्य मिळतात, हे येथे सांगितलेच पाहिजे.

याहून गंभीर चूक गृह विद्यापीठाच्या, म्हणजे बारावीच्या जिल्ह्यावरून ठरणाऱ्या विद्यापीठाच्या, बाबतीत झाली. भाची साताऱ्यात बारावी झाल्यामुळे तिचे गृह विद्यापीठ कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ठरते, आणि पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी महाविद्यालयांत तिला बाहेरच्या विद्यापीठाच्या जागांसाठी स्पर्धा करावी लागते. अहवालात मात्र तिच्यापुढे पुण्याच्या गृह विद्यापीठाचेच कटऑफ धरलेले होते. जिल्हा मुद्दाम विचारून घेणाऱ्या संस्थेने तो वापरूच नये, याचे नवल वाटते. शुल्कमाफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागांचा निवड-संकेतांक (पसंती नोंदवताना लिहायचा क्रमांक) वेगळा असतो आणि कटऑफही बहुधा सर्वसाधारण जागांपेक्षा वर जातो. त्यांचा तर अहवालात उल्लेखच नव्हता.

बैठकीचा अनुभव मात्र याच्या अगदी उलट आला. समुपदेशक बाईंनी वरील चूक स्वतःहून दुरुस्त केली, टक्केवारीचा रकाना बाजूला ठेवायला सांगितला आणि सगळा वेळ पसंतीक्रमावर, म्हणजे महाविद्यालये आणि शाखा फॉर्ममध्ये कोणत्या क्रमाने लिहायच्या यावर, खर्च केला. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती आपोआप पक्की होत होती आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होत होता. त्यामुळे ‘मिळेल ते’ वर लिहिण्याची सवय अंगाशी येऊ शकत होती. मिळण्याची आशा कमी असली तरी खरोखर हवी असलेली जागाच वर लिहावी, कारण वरची पसंती हुकल्याने खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही, हे त्यांनी भाचीला इतक्या शांतपणे पटवले की आमच्या घरातला बराच वाद तिथेच मिटला. ज्या जागेसाठी अपुरे गुण आहेत ती लिहून फॉर्म वाया का घालवायचा, हा तिच्या वडिलांचा आक्षेप होता आणि तो अनेक पालकांचा असतो. शाखा मोठी की महाविद्यालय, हा प्रश्न बाईंनी स्वतः सोडवला नाही. मुंबईच्या व्हीजेटीआय या नामांकित संस्थेतील वस्त्र शाखा आणि एखाद्या खासगी महाविद्यालयातील संगणक शाखा यांपैकी आपल्याला काय शिकायला आवडेल, ते भाचीलाच लिहून आणायला सांगितले.

केवळ बैठकीचे शुल्क भरण्याची सोय संस्थेकडे नाही. अहवाल घ्यावाच लागतो. ज्यांच्या घरात याद्या वाचू शकणारे कोणी आहे त्यांना या संपूर्ण शुल्काची गरज नाही. ज्यांच्याकडे तसे कोणी नाही त्यांनी सेवा घ्यावी, पण पसंतीक्रमाचा फॉर्म (ऑप्शन फॉर्म) भरण्याची मुदत सुरू होण्यापूर्वीच बैठकीची वेळ लेखी मागून घ्यावी, कारण मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत तेथील फोन उचलला जात नाही.