बॅडलँड्स नॅशनल पार्क, साउथ डकोटा: सेज क्रीकचा कच्चा रस्ता चुकवू नका

माउंट रशमोरला (डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे) जाता जाता उरकायची जागा म्हणून बरेच जण इथे येतात. तसं करू नका. गाडीमागे ३० डॉलर, पास ७ दिवस चालतो. पैसे पुरेपूर वसूल.

२४० नंबरच्या लूप रोडवर जागोजाग थांबे आहेत. यलो माउंड्सपाशी थांबाच. एकेकाळचा हा समुद्राचा तळ, काळा चिखल उघडा पडून पिवळाजर्द झालाय. पार्कमधले बाकीचे मातीखडकाचे सुळके वर्षाला साधारण इंचभर झिजतात म्हणे.

पण खरी मजा सेज क्रीक रिम रोडवर. खडीचा रस्ता, धूळ मरणाची. रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउनला प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातले ते गुबगुबीत प्राणी, बिळाच्या तोंडाशी उभे राहून चिरकत होते. "सोसायटीची मीटिंग भरलीये," आई म्हणाली. पुढे एक बायसन, म्हणजे गव्यासारखा दांडगा रानबैल, रस्त्यातच ठाण मांडून उभा. अंगावरची लोकर अर्धी झडलेली, उरलेली खांद्यावर गुंता होऊन लोंबत होती. काचा वर करून गुपचूप थांबलो. हॉर्न वाजवायचा नसतो, हे मागच्या गाडीवाल्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

नॉच ट्रेल या पायवाटेवरची लाकडी शिडी चढायला गंमत, उतरायला नाही. बाबा गुडघ्यांमुळे आलेच नाहीत. ज्येष्ठांना डोअर ट्रेलच्या सुरुवातीचा फळ्यांचा रस्ता सोपा. सावली मात्र कुठेच नाही, टोपी हवीच. सेज क्रीकच्या फुकट कॅम्पग्राउंडवर पाणीसुद्धा नाही. वॉल गावातून भरून घ्या. तिथल्या वॉल ड्रग नावाच्या दुकानात ५ सेंटला कॉफी मिळते. पाणचट आहे, पण ५ सेंटला काय बोलणार!