एक इंची सेन्सरवर काढलेले महिने आणि किट लेन्सचा एफ ५.६

कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सचं झूम अडकलं. सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात तीच लेन्स सेकंडहँड येते. वर तपासणीचे पैसे घेतलेच. लेन्स तशीच परत आणली, एपीएस-सी (मोठ्या आकाराच्या) सेन्सरची बॉडी कपाटात ठेवली आणि घरातला छोटा कॅमेरा, सोनी आरएक्स१०० मार्क ३, बाहेर काढला. २०१४ चं मॉडेल, सेन्सर नावाला ‘एक इंची’, प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी. एपीएस-सीचा २३.५ × १५.६, म्हणजे क्षेत्रफळ तिपटीहून थोडं जास्त.

तरीही विठ्ठल मंदिरातल्या भजनाचे फोटो या छोट्या कॅमेऱ्यावर जराही उणे आले नाहीत. पखवाजाच्या शाईची कड, टाळांच्या दोरीचा पीळ, सगळं स्पष्ट. झूम पूर्ण ताणलं की किट लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ ५.६ वर जातं, आरएक्स१००चं एफ २.८ वरच राहतं; हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर चौपट उजेड! क्षेत्रफळात तिप्पट गेलं, अपर्चरने चौपट दिलं. तिकडे आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करण्यासाठी वाढवायचा आकडा) ३२०० लागायचा, इथे ८०० मध्ये भागतं. फोटोतला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, मुख्यतः ठरतो तो सेन्सरला एकूण किती उजेड मिळाला यावर, आणि तो उजेड आत येतो लेन्समधून. दुकानात मात्र ‘मोठा सेन्सर, मोठा सेन्सर’ एवढंच ऐकवतात. सोबत दिलेल्या लेन्सच्या एफ ५.६ बद्दल चकार शब्द नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं सेन्सरचे, आणि त्याचा फायदा ती लेन्सच खाऊन टाकते. याचा मला खरंच राग येतो.

एपीएस-सी विकून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. पावसाळ्यात घाटात गेल्यावर मत बदललं. आरएक्स१०० वर ढगांचा पांढरा जपायला एक्स्पोजर कमी ठेवलं आणि घरी एडिटिंगमध्ये सावल्या उजळल्या, तर कड्याखालच्या झाडीत रंगीत दाणे. भरपूर उजेडात, सर्वांत कमी आयएसओवर, मोठा सेन्सर पांढरा जळण्याआधी एकूण जास्त प्रकाश साठवतो, म्हणून त्याच्या सावल्या स्वच्छ राहतात. तिथे मोठ्या अपर्चरचा उपयोग नाही, आकारच लागतो. म्हणजे दिवसाउजेडी लहान सेन्सर पुरतो हे सरसकट खरं नाही.

दुरुस्तीला लागले असते त्यात थोडी भर घालून एपीएस-सीसाठी सेकंडहँड ३५ मिमी एफ १.८ लेन्स घेतली. एपीएस-सीवर ती जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ५० मिमी लेन्सएवढं दृश्य टिपते; तेवढ्याच दृश्याला आरएक्स१०० एफ २.८ वर असतो. एफ १.८ आणि तिप्पट क्षेत्रफळ जमेला धरलं तर एपीएस-सीला सातपटीहून जास्त उजेड मिळतो. त्याच मंदिरात, त्याच ट्यूबलाइटखाली बुवांच्या उपरण्याची वीण आता दिसते, आधी दोन्ही कॅमेऱ्यांत ती पुसटच यायची.

किट लेन्सवरच राहणार असाल तर एपीएस-सीसाठी जादा पैसे घालू नका. बॉडी जुनी घ्या, उरलेले पैसे एफ १.८ मध्ये घाला. आरएक्स१०० मी ठेवला आहे, कारण सभामंडपात मागे सरकायला जागा नसते आणि ३५ मध्ये अख्खी दिंडी मावत नाही.