एअर प्युरिफायर, गादीच्या खोळी आणि सतत खाजवणारा कुत्रा: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. घरात मांजर असेल आणि माणसाला मांजराचीच ॲलर्जी असेल, तर चांगल्या हेपा फिल्टरच्या (हवेतले अतिबारीक कण अडवणाऱ्या) एअर प्युरिफायरचा उपयोग होतो. ॲलर्जी धुळीतल्या माइट्स नावाच्या सूक्ष्म जिवांची असेल तर त्या पैशांत गादी-उशांना चेनवाल्या बंद खोळी घ्या, चादरी गरम पाण्यात धुवा आणि उरलेले पैसे खिशात ठेवा. खाज कुत्र्याला सुटत असेल तर काहीही विकत घेण्याआधी प्राण्यांचा डॉक्टर गाठा. आमच्याकडे हे तिन्ही प्रकार एकाच छपराखाली नांदतात, म्हणून अनुभव लांबणार आहे.

बायकोला बोक्याची ॲलर्जी, मुलाला माइट्सची, आणि कुत्र्याला कशाची हे कळायलाच कितीतरी दिवस गेले.

आधी ओळखायचं कसं ते. सर्दीत अंग दुखतं, कधी ताप येतो आणि आठवडा-दहा दिवसांत ती आवरते. ॲलर्जीत ताप नसतो. नाकातून पाण्यासारखं गळतं, शिंका एकापाठोपाठ येतात, आणि मुख्य म्हणजे खाज: नाकात, डोळ्यांत, टाळूला. मुलगा तळहाताने नाक खालून वर ढकलत पुसायचा. त्याने नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघच पडली होती, आणि डॉक्टरांचं पहिलं लक्ष तिच्याकडेच गेलं. त्याला त्रास सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात जास्त, म्हणजे संशय अंथरुणावर. बायकोचं वेगळं. ती चार दिवस बाहेरगावी गेली की डोळे निवळणार, घरात पाऊल टाकलं की तासाभरात लाल.

मग दोघांचीही प्रिक टेस्ट केली. हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. त्यात एक थेंब हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा) असतो, तो उठलाच पाहिजे. एक नुसत्या द्रावाचा असतो, तो उठता कामा नये. या नुसत्या थेंबापेक्षा गांध ३ मिलिमीटरने मोठी असेल तर चाचणी पॉझिटिव्ह. ॲलर्जीच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर काहीच उठत नाही. गंमत अशी की मुलाच्या हातावर मांजराच्या थेंबालाही गांध उठली. पण हा पोरगा बोक्याच्या पोटात तोंड खुपसून बसतो आणि त्याला काहीएक होत नाही! डॉक्टरांचं म्हणणं, चाचणी आणि लक्षणं जुळली तरच ती ॲलर्जी धरायची, नुसत्या गांधीवर औषध द्यायचं नाही. रक्तातली आयजीजी (एका प्रकारची अँटिबॉडी) मोजून शंभरेक पदार्थांची ‘ॲलर्जी’ छापून देणारे रिपोर्ट मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, इतकंच. ॲलर्जीशी संबंध आयजीई या वेगळ्या अँटिबॉडीचा.

आता यंत्र. फिल्टर एच-१३ दर्जाचा, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा. हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो, पण तो बघून यंत्र घेऊ नका. बघायचा आकडा सीएडीआरचा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा बाहेर पडते तो. आमची झोपायची खोली ४ बाय साडेतीन मीटर, उंची ३. म्हणजे ४२ घनमीटर. हवा तासात पाच वेळा फिल्टरमधून जावी असं धरलं तर किमान २१० सीएडीआर लागतो. खोक्यावरचा सीएडीआर यंत्र पूर्ण जोरात चालतानाचा असतो, आणि त्या आवाजात झोपून दाखवा. म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवायचं. आम्ही तेच केलं आणि रात्री त्रास होत नाही.

बायकोला फरक पडला. सुमारे महिनाभराने रात्रीचं नाक चोंदणं कमी झालं, डोळ्यांचे थेंब रोज लागेनासे झाले. कारण मांजराची ॲलर्जी केसांची नसतेच. ती फेल डी १ नावाच्या प्रथिनाची. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण हवेत उडतात. त्यातले बरेच ५ मायक्रॉनपेक्षाही लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते तासन् तास तरंगत राहतात. जे तरंगतं ते यंत्राला सापडतं, साधा हिशोब आहे. (‘ॲलर्जी न होणारी’ म्हणून विकली जाणारी मांजरंही हे प्रथिन बनवतात. कमी-जास्त असेल, पण शून्य नाही.)

यंत्राच्या ऑटो मोडवर मात्र माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. आतला सेन्सर कण मोजतो, ते कण कशाचे हे त्याला कळत नाही. स्वयंपाकघरात काही करपलं की दिवा लालभडक, पंखा घोंघावायला लागतो. आणि बोका यंत्रासमोर हातभर अंतरावर बसून पाय वर करून सावकाश अंग चाटतोय, तेव्हा दिवा शांत निळा! म्हणून ऑटो बंद आणि मधला वेग कायम. हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या आयोनायझरचं बटणही बंदच ठेवतो, त्यातून ओझोन तयार होऊ शकतो आणि ॲलर्जीच्या नाकाला तो नको. बाहेरच्या जाळीवर केसांची गादीच जमते. ती पंधरवड्याला व्हॅक्युमने ओढून काढावी लागते. आतला हेपा धुवायचा नाही, पाण्याने त्याचे तंतू बिघडतात.

मुलाला या यंत्राचा शून्य उपयोग झाला. त्याच्या खोलीत ठेवून पाहिलं, सकाळच्या शिंका जशाच्या तशा. माइट्स आठ पायांचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे जीव. आपल्या अंगावरून झडलेल्या कोंड्यावर जगतात. त्रास देते ती त्यांची विष्ठा, आणि तिचा कण १० ते ४० मायक्रॉनचा, म्हणजे जड. अंथरूण झटकलं की उडतो आणि अर्ध्या तासाच्या आत खाली बसतो. यंत्र कोपऱ्यात आणि मुलाचं नाक उशीत. माइट्ससाठी प्युरिफायर लावणं म्हणजे सांडलेलं पीठ आवरायला खिडकी उघडणं.

त्याला उपयोग झाला खोळींचा. गादी आणि उशी सहाही बाजूंनी आत जाते, चेन लागते, आणि विण इतकी घट्ट की विष्ठेचा कण बाहेर येत नाही. छिद्र १० मायक्रॉनपेक्षा लहान हवं, ६ च्या आसपास असेल तर उत्तम. प्लास्टिकचं अस्तर असलेली खोळ घेऊ नका, कूस बदलली की चुरचुरते आणि घाम येतो. विणलेल्या कापडाची घ्या. मुलाने पहिले काही दिवस कुरकुर केली, मग विसरला.

खोळी चढवल्या की काम संपलं असं मात्र नाही. २००३ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक प्रौढांच्या दम्याची, एक नाकाच्या ॲलर्जीची. दोन्हींत नुसत्या खोळींनी लक्षणांत फरक पडला नव्हता. उलट २०१७ च्या एका चाचणीत दमा असलेल्या मुलांना खोळींचा फायदा दिसला. झटका येऊन इस्पितळात धावावं लागण्याचं प्रमाण खऱ्या खोळींच्या गटात २९ टक्के, नकली खोळींच्या गटात ४२. म्हणून खोळीसोबत बाकीचंही केलं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. गार पाण्याने विष्ठा बरीचशी निघून जाते, पण माइट्स जिवंत राहतात. कापडी खेळणी पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये आणि मग धुवायची. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ खोलीत लावलं. माइट्स पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकवली तर त्यांची वाढ खुंटते. काटा सतत ६५ च्या पुढे दिसायचा, कारण ओले कपडे त्याच खोलीत वाळत असायचे. दोरी हलवली. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हे घड्याळ.

मुलाला नाकातला स्टेरॉइड स्प्रेही चालू होता, तो मोजायला हवा. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस जातात, शिंक आली की मारायचा तो स्प्रे नव्हे. मान जराशी पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्याकडे नाही. पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं. खोळी-धुण्याचा क्रम बसल्यावर डॉक्टरांनी स्प्रे हळूहळू कमी केला आणि सकाळ तशीच बरी राहिली, म्हणून खोळींना श्रेय देतोय.

आता कुत्रा. पंजे चाटून चाटून पांढऱ्या केसांवर तांबूस डाग, काखेत आणि पोटावर लाली, कानाला आंबूस वास. वय दोन वर्षांच्या आत. माणसाला ॲलर्जी झाली की नाक गळतं, कुत्र्याला झाली की कातडी खाजते, हे आधी डोक्यात बसायला हवं. नेटवर केस किंवा लाळ पाठवून ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या मिळतात. आमच्या डॉक्टरांनी त्या सरळ बाजूला ठेवल्या. कुत्र्याच्या खाण्याच्या ॲलर्जीसाठी या चाचण्या भरवशाच्या नाहीत. इथे एकेक शक्यता खोडत जावं लागतं.

पहिल्या पिसवा. दिसल्या नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं. शेपटीच्या बुडाशी बारीक दाताच्या फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आमच्याकडे पसरला नाही, तरी पिसवांचं औषध चालू केलंच. घरात मांजरही असेल तर इथे जपून. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजरांना घातक आहे. कुत्र्याचं औषध मांजराला कधीच लावायचं नाही.

दुसरं, कानातला आणि पंज्यांतला मळ सूक्ष्मदर्शकाखाली. त्यात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, निघालं. ते आवरल्यावर निम्मी खाज गेली. ॲलर्जीने कातडी नाजूक होते, त्यावर यीस्ट आणि जिवाणू माजतात, आणि खाज दुप्पट होते.

तिसरं खाणं, आणि हा भाग घरादाराची परीक्षा पाहतो. आठ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड खाद्य, म्हणजे प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले की शरीर ते ओळखत नाही. बाकी एक कणसुद्धा नाही. बोक्याची वाटी टेबलावर गेली. मुलाने जेवल्यावर हात धुतल्याशिवाय कुत्र्याजवळ जायचं नाही. जंताच्या गोळीलाही मांसाची चव असते, ती बदलून घेतली. फ्रिजवर कागद लावला आणि आठवड्यातून एकदा ० ते १० मध्ये खाज किती ते लिहीत गेलो. रोज बघून अंदाज येत नाही, आकडा लिहिला की कळतं. शेवटी जुनं खाणं परत सुरू करून पाहायचं. ही पायरी गाळली तर निदान अर्धवट राहतं. आमचा आकडा ना खाद्याने उतरला ना जुन्या खाण्याने चढला. खाणं सुटलं आरोपातून.

राहिला ॲटोपिक डर्मटायटिस, म्हणजे आसपासच्या गोष्टींच्या ॲलर्जीने कातडी खाजणं. तो पुरता बरा होत नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. स्टेरॉइडच्या गोळ्या लवकर गुण देतात, पण तहान, भूक आणि लघवी वाढते. खाज आवरणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्याही आहेत, एक वर्षाखालच्या कुत्र्यांना देत नाहीत. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा कुत्र्यांच्या खाजेवर फारसा जोर चालत नाही. आम्ही लोकिवेटमॅबचं इंजेक्शन निवडलं. खाजेचा निरोप देणारं आयएल-३१ नावाचं प्रथिन ते अडवतं. फक्त कुत्र्यांसाठी आहे आणि चार ते आठ आठवडे टिकतं. आमच्याकडे दोन दिवसांत फ्रिजवरचा ७ चा ३ झाला आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास हळूच चढायला लागतो, तेव्हा पुढचं. प्युरिफायर कुत्र्याच्या खोलीत महिनाभर चालवला, कागदावर काही उमटलं नाही.

एक गोष्ट जिवावरची आहे, म्हणून लिहितो. ॲलर्जीच्या ज्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्युडोएफेड्रिन असतं त्या कुत्र्याला विषारी. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली सिरपंही तशीच. आणि माणसाला गांधींसोबत श्वास अडकणं, घसा आवळणं, चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्या तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी. तिथे गोळी पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, रुग्णाला आडवं ठेवायचं, उभं करायचं नाही, आणि तातडीने इस्पितळ. श्वास लागत असेल तर मात्र बसू द्यावं. कुत्र्यात याची सुरुवात अनेकदा अचानक उलटी-जुलाब आणि कोसळण्याने होते, गांधी दिसतीलच असं नाही.

यंत्राबद्दल एक तक्रार राहिली. फिल्टर बदलायचा दिवा लागला तेव्हा या मॉडेलचा सुटा फिल्टर कुठेच मिळेना, आणि बनवणाऱ्यांकडून दरवेळी पुढच्या आठवड्याचं उत्तर. तो दिवा नुसते तास मोजतो हे माहीत होतं, पण फिल्टर काढून पाहिला तर खरोखरच काळाकुट्ट होता, म्हणून यंत्र बंद ठेवलं. पंधरा दिवसांत बायकोचे डोळे परत लाल, थेंबांची बाटली परत उशाशी. नवा फिल्टर बसला आणि काही आठवड्यांत ती बाटली कपाटात गेली. तेव्हा मॉडेल ठरवताना आधी सुटा फिल्टर शोधा, मिळत नसेल तर यंत्र कितीही चांगलं असो, सोडून द्या. आम्ही या वेळी दोन मागवून ठेवलेत.