परदेशी भाषाविद्यार्थी घरात: वर्षभराचा जमाखर्च

परदेशी विद्यार्थी घरी ठेवतो म्हटलं की सगळे पहिला प्रश्न पैशांचाच विचारतात, म्हणून आधी त्याचं उत्तर. हो, परवडतं. पण तीच खोली साध्या भाडेकरूला दिली असती तर हातात जास्त उरलं असतं, आणि राबणं निम्म्याहून कमी झालं असतं. भाडेकरू दार लावून घेतो. आपली भाषा शिकायला आलेला विद्यार्थी दार उघडं ठेवून बसतो, कारण तो त्यासाठीच तुमच्या घरी आलेला असतो.

आमच्याकडे एका भाषाशाळेमार्फत विद्यार्थी येत राहिले, कोणी दोन-तीन आठवड्यांसाठी, कोणी पूर्ण सत्रासाठी. शाळा आठवड्याच्या हिशेबाने पैसे देते. त्यात खोली, दोन वेळचं खाणं, धुणं आणि इंटरनेट आलं. रक्कम कागदावर बरी दिसते. खाण्याचा खर्च आपण आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो बोचत नाही. बोचतं ते गरम पाणी, रात्रभर चालू राहिलेला पंखा किंवा हीटर, दुप्पट चालणारं वॉशिंग मशीन, आणि हरवलेल्या किल्लीपायी बदलावं लागलेलं कुलूप. त्याहून मोठं भोक म्हणजे रिकामे आठवडे. एक गेला, दुसरा यायचाय, मधल्या काळात खोली कोणाला देता येत नाही. व्हिसा अडकला की तो मधला काळ आणखी लांबतो. रद्द झालेल्या मुक्कामाचे किती पैसे मिळणार, हे आधी लेखी घ्या. आमच्या शाळेचे पैसे मुक्काम संपल्यावर, तेही आठवण करून दिल्यावर येत. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झालेला असे.

मुक्काम जितका छोटा तितका तो महाग पडतो, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. खोली लावणं, चादरी, घर समजावून सांगणं, बसचे मार्ग, कुलूप कसं फिरतं, नोंदणीची कागदपत्रं (अनेक देशांत परदेशी माणूस मुक्कामी आला की ठरलेल्या मुदतीत सरकारदरबारी कळवावं लागतं, आणि ती जबाबदारी पुष्कळदा घरमालकाची असते), हे सगळं दोन आठवड्यांच्या पाहुण्यालाही तेवढंच आणि चार महिन्यांच्या पाहुण्यालाही तेवढंच. शिवाय माणूस जरा रुळतो, आपल्याशी मोकळं बोलू लागतो, तोवर दोन आठवडेवाल्याची बॅग भरून झालेली असते. घराच्या विम्यात पैसे देऊन राहणारा पाहुणा बसतो का, तेही विचारून ठेवा. हे उत्पन्न करात कुठे दाखवायचं, तेही.

आता खरा खर्च. तो कुठल्याच बिलात येत नाही.

कोणाला भाषा किती येते ते सांगणाऱ्या, अगदी नवशिक्याच्या ए-१पासून पारंगताच्या सी-२पर्यंतच्या पायऱ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या; त्या आता जगभरच्या भाषाशाळा वापरतात. शाळा विद्यार्थ्याची पायरी कळवते, पण संध्याकाळी साडेसातला त्या पायरीचा अर्थ काय होतो ते कळवत नाही. ए-१ म्हणजे जेवणाच्या टेबलावर प्रत्येक वाक्य सोपं करून, हळू, दोनदा म्हणायचं, तेही आवाज न चढवता. (समोरच्याला समजलं नाही की आपण मोठ्याने बोलतो. का, देव जाणे. त्याचे कान ठीक असतात.) बी-१च्या माणसाशी खऱ्या गप्पा होतात. सी-१वाला वाद घालतो, आणि दमून आलेल्या दिवशी तोही नको वाटतो. घरातल्या माणसांनी एकमेकांशी अर्धवट वाक्यांत बोलणं, कुरकुरणं, काहीच न बोलणं, ही चैन वर्षभर गेली. नवरा तर म्हणायचा की भांडायलासुद्धा गच्चीवर जावं लागतं.

इतकं करून विद्यार्थ्याची भाषा सुधारते का? आपोआप नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक विल्यम रिव्हर्स यांनी १९९८ मध्ये रशियात शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा कुटुंबात राहिलेल्यांची बोलण्यातली प्रगती वसतिगृहात राहिलेल्यांपेक्षा कमी निघाली. वाचनात मात्र ते पुढे होते. मला वाचून नवल वाटलं नाही. घरात राहणारा विद्यार्थी ‘हो’, ‘छान’, ‘धन्यवाद’ आणि ‘शुभ रात्री’ एवढ्यावर महिने काढू शकतो. मान डोलावली की सगळे खूश. भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या मुलांबद्दल हेच मांडलं होतं: वर्षानुवर्षं ऐकून त्यांना समजायचं उत्तम, बोलणं मात्र मागे राहायचं, कारण शब्द जुळवून पूर्ण वाक्य करण्याची सक्ती त्यांच्यावर कधी होत नव्हती. आम्ही मग एक नियम केला. दिवसभरात घडलेली एक गोष्ट विद्यार्थ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची, आम्ही मध्ये शब्द पुरवायचे नाहीत, चुका शेवटी सांगायच्या आणि त्याही दोनच. पहिले काही दिवस ते मौन ऐकवत नाही. पण याचा जेवढा उपयोग झाला तेवढा बाकी कशाचाच नाही.

या सगळ्याला मारक गोष्ट एकच, फोन. संध्याकाळभर स्वतःच्या मातृभाषेत तिकडच्या घरच्यांशी बोलणाऱ्याला आपण काय शिकवणार? आणि एकाच मातृभाषेचे दोन विद्यार्थी एका छपराखाली कधीही घेऊ नका. शाळा ‘त्यांना सोबत होईल’ म्हणेल. होते सोबत, आणि मग आपणच आपल्या घरात परके.

उदासीचंही सांगायला हवं. मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्व्हो ओबर्ग यांच्या १९६०च्या लेखापासून ‘कल्चर शॉक’च्या, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याच्या, पायऱ्या सांगितल्या जातात: आधी अप्रूप, मग चिडचिड, मग रुळणं. आमच्याकडे कोणी या क्रमाने गेलं नाही. एक मुलगी दुसऱ्याच दिवशी रडली आणि नंतर मजेत राहिली. एक मुलगा जायच्या आठवड्यात घुम्यासारखा बसून होता. अशा वेळी ‘आमचं काही चुकलं का’ म्हणून मागे लागण्यापेक्षा सोडून द्यावं, असं माझं मत झालं आहे.

मग मिळालं काय? सर्वांत जास्त मिळालं ते सासूबाईंना. त्यांच्या ठेवणीतल्या गोष्टी घरात सगळ्यांच्या पाठ आहेत, सुरू झाल्या की एकेक जण उठून जातो. नवशिक्या विद्यार्थ्याला मात्र तीच गोष्ट, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा ऐकायला मिळणं म्हणजे पर्वणी. तिसऱ्या खेपेला तो पुढचं वाक्य स्वतः म्हणतो, आणि आजी खूश. शिकवल्याचा आव नाही, शिकल्याचा ताण नाही. शाळेची पुस्तकं हे करू शकत नाहीत. मुलांनाही फायदा झाला: अमुक ठिकाणी असं का म्हणायचं, या प्रश्नाला उत्तर देता येईना, तेव्हा कपाटातलं व्याकरणाचं पुस्तक बाहेर आलं. आणि परदेशात आता काही घरं आहेत जिथे आम्ही दार वाजवू शकतो. सगळ्यांची नाहीत, दोन-तीन.

पैसे न घेता विद्यार्थी ठेवण्याचीही जुनी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धातल्या रुग्णवाहिका सेवेतून निघालेली एएफएस ही संस्था १९४७पासून शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करते आणि तिची यजमान कुटुंबं स्वयंसेवक असतात. मला आदर आहे, पण मी पैसे घेऊनच ठेवीन. पैसे असले की दोघांनाही तक्रार करता येते: खोली थंड आहे असं तो म्हणू शकतो, बाथरूम पुसून घे असं मी म्हणू शकते. उपकाराच्या नात्यात दोघंही गप्प बसतात.

अल्पवयीन विद्यार्थ्यांबद्दल एवढंच: ते वेगळंच काम आहे. रात्री परतायची वेळ, डॉक्टरकडे न्यायची परवानगी, पालकांचे फोन, घरातल्या मोठ्यांची पोलीस पडताळणी. ज्यांना झेपेल त्यांनी करावं.

पुढच्या वर्षासाठी शाळेला आमच्या अटी कळवल्या आहेत: वय अठराच्या वर, किमान सहा आठवडे, एका वेळी एकच जण, निम्मे पैसे आगाऊ, आणि मुलांच्या परीक्षेच्या महिन्यात कोणी नको. सासूबाईंनी त्यात आपली एक भर घातली आहे: अगदी नवशिका असला तरी चालेल, पण घाईत असलेला पाठवू नका.